मुरमांची ओळख : प्रस्तावना

आपल्याकडे चेहऱ्यावर काहीही उठलं की तो मुरूम, आणि मुरमावरचा उपाय घरातल्या प्रत्येकाला ठाऊक. आजी जायफळ उगाळून लावायला सांगते, आई मुलतानी माती भिजत घालते, मावशीला तिच्या वेळी चंदनानं गुण आलेला असतो, वर्गातली मैत्रीण टूथपेस्ट सुचवते आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला माणूस न विचारता एक ट्यूब काढून देतो. यांतलं कोणीही वाईट हेतूनं सांगत नाही. पण यांतल्या एकानंही तो चेहरा उजेडात नेऊन नीट पाहिलेला नसतो. काय उठलंय, कुठं उठलंय, केव्हापासून, दुखतंय की खाजतंय, हे विचारण्याआधीच उपचार सुरू झालेला असतो. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी लिहिलं आहे.

त्वचारोगाच्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी बसून पाहा. दहावीतला मुलगा येतो, कपाळभर बारीक खरखरीत दाणे. त्याच्यामागून बत्तीस वर्षांची बाई, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला खोल दुखऱ्या गाठी, पाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास वाढणाऱ्या. मग क्षयाच्या गोळ्या सुरू असलेला एक तरुण, छातीवर एकसारखे लालसर फोड. जिमला जाणारा एक जण, पाठ भरलेली. तोंडाला ओढणी गुंडाळून आलेली कॉलेजची मुलगी, गाल लाल, तुकतुकीत, आणि मलम एक दिवस चुकलं तर आग होणारे. सगळ्यांची तक्रार एकच : पिंपल्स आलेत. कारणं पाच, उपचारही पाच, आणि यांतल्या एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर अपाय होऊ शकतो. मुरूम हा एक आजार मानून चालणं हीच या विषयातली सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

म्हणून आधी मुरूम तयार कसा होतो ते बघू. आपल्या त्वचेवर जिथं जिथं केस आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो, तिथं एक बारीक नळी आत उतरते. तिला रोमकूप म्हणतात. या नळीला लागून तेलाची ग्रंथी असते. चेहरा, छातीचा मधला भाग, खांदे आणि पाठीचा वरचा भाग इथं या ग्रंथी मोठ्या आणि दाटीनं असतात, म्हणून मुरूमही तिथंच येतात. तळहाताला आणि तळपायाला त्या नसतातच, तिथं मुरूम कधी येत नाही. वयात येताना शरीरात अँड्रोजेन गटातली संप्रेरकं वाढतात, मुलांत आणि मुलींतही. त्यांच्या सांगण्यावरून ग्रंथी जास्त तेल करू लागते. त्याच वेळी नळीच्या आतल्या पेशी नेहमीसारख्या सुट्या होऊन बाहेर पडायच्या थांबतात, एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. आत तेल साचतं. तिथं कायम वस्तीला असलेला एक जिवाणू त्या तेलावर पोसला जातो. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं नाव कित्येक वर्षं प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नीज असं होतं, २०१६ साली ते क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीज असं बदललं. मग शरीर त्या जागी दाह उभा करतं : लाली, सूज, दुखणं, पू. पूर्वी जादा तेल, बूच, जिवाणू आणि दाह या चार गोष्टी ओळीनं, एकामागून एक घडतात असं शिकवत. आता कळतं की बूच दिसण्याआधीही त्या जागी सौम्य दाह सुरू झालेला असतो.

यातलं पहिलं बूच इतकं सूक्ष्म असतं की आरशात दिसत नाही. ते दिसण्याजोगं व्हायला काही आठवडे जातात. आज सकाळी गालावर उठलेल्या मुरमाला काल खाल्लेली भजी जबाबदार धरणं म्हणूनच चुकीचं, कारण त्याची तयारी फार आधीपासून चाललेली असते. आणि औषधाचा गुण आठ दिवसांत का दिसत नाही, याचंही उत्तर इथंच आहे.

आपल्या जुन्या वैद्यांनी हा विकार बारकाईनं पाहिला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या अध्यायात मुखदूषिका येते. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, शाल्मलीच्या म्हणजे काटेसावरीच्या काट्यांसारख्या पिटिका, असं तिचं वर्णन आहे. काटेसावरीचं खोड जवळून पाहिलेल्याला हे वर्णन किती नेमकं आहे ते कळेल : बुडाशी रुंद, वर निमुळता, आणि खोडाशी घट्ट धरलेला काटा. कफ, वात आणि रक्त यांचा त्यात संबंध सांगितला आहे. आज आपण कारणांची मांडणी वेगळी करतो. पण कोणाला होतं, कुठं होतं आणि आकार कसा असतो, ही तीन निरीक्षणं आजही पहिल्या तपासणीत तशीच्या तशी लागतात.

आता प्रत्यक्ष प्रकार. खिडकीजवळ, बाजूनं येणाऱ्या उजेडात चेहरा धरा आणि गालाची कातडी दोन बोटांनी हलकेच ताणा. समोरून जे काहीच दिसत नव्हतं ते दिसू लागेल : मोहरीहून लहान, कातडीच्याच रंगाचे, थोडे पांढुरके उंचवटे. हे बंद तोंडाचे दाणे, ज्यांना सगळे व्हाइटहेड म्हणतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण पुढचे लाल, पिकणारे मुरूम बऱ्याच वेळा यांच्यातूनच निघतात. ज्या दाण्याचं तोंड उघडं असतं तो ब्लॅकहेड. त्याच्या टोकाशी दिसणारा काळेपणा मळ आहे अशी पक्की समजूत आहे आणि तिच्यापायी कितीतरी मुलं दिवसातून पाच-सहा वेळा साबणानं तोंड घासतात. तो रंग कातडीतल्या मेलॅनिनचा आणि हवेशी संबंध आलेल्या तेलाचा असतो. घासून तो जात नाही, उलट कातडी चिडते आणि दाह वाढतो. सौम्य फेसवॉशनं दिवसातून दोनदा तोंड धुणं पुरेसं आहे.

दाह सुरू झाला की दाण्याची लाल पुळी होते. हिच्यात पू नसतो, हात लावला तर टणक लागते, दाबलं तर दुखते. हिच्याच टोकाशी पिवळसर पू दिसू लागला की ती पिकलेली पुटकुळी. लोक सगळ्यात जास्त नखं चालवतात ती हिच्यावर. दाबून थोडा पू बाहेर येतो हे खरं, पण उरलेला ऐवज रोमकूपाची भिंत फोडून आत पसरतो आणि चार दिवसांत बसणारी पुटकुळी महिनाभर टिकणारा डाग देऊन जाते.

याहून खोल जातात त्या गाठी. बोट फिरवल्यावर कातडीखाली मुगाएवढी, कधी वाटाण्याएवढी कठीण गाठ लागते. वर तोंड नसतं, त्यामुळं दाबून काहीच निघत नाही, फक्त ठणका वाढतो. गाठ मऊ पडून आत पूमिश्रित द्रव साचला की तिला सिस्ट म्हणतात. या दोन प्रकारांत वाट पाहू नये. डाग आणि खड्डे प्रामुख्यानं यांच्यातून राहतात, आणि इथं घरगुती उपायांत घालवलेला प्रत्येक महिना चेहऱ्यावर कायमचा नोंदला जाऊ शकतो. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर याच क्रमानं तीव्रतेच्या चार पायऱ्या धरतात : मुख्यतः दाणे असलेली पहिली, लाल पुळ्यांची दुसरी, पू आणि काही गाठींची तिसरी, गाठी-सिस्ट आणि व्रणांची चौथी. एकाच चेहऱ्यावर सगळे प्रकार एकत्र नांदू शकतात, आणि उपचार ठरतो तो त्यांतल्या सर्वांत तीव्र प्रकारावरून.

दोन दुर्मीळ रूपांचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण ती ओळखायला उशीर झालेला परवडत नाही. एकात गाठी एकमेकींना आतून जोडल्या जातात, पाठ-छातीवर भुयारं तयार होतात आणि ओबडधोबड व्रण राहतात. दुसऱ्यात, बहुतेक वेळा तेरा ते सोळा वर्षांच्या मुलात, मुरूम अचानक भडकून चिघळतात, ताप येतो, सांधे दुखतात, मुलाला उठवत नाही. मुरूम आणि ताप एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वयाचा हिशेबही महत्त्वाचा. नवजात बाळाच्या गालावर पहिल्या काही आठवड्यांत उठणारे बारीक फोड बहुतेक आपोआप जातात, त्यांवर काही चोळू नये. तीन-चार महिन्यांनंतर, विशेषतः मुलग्यांत, खरेखुरे मुरूम येऊ शकतात आणि त्यांचे व्रणही राहतात, म्हणून ते दाखवावेत. वर्ष ते सात वर्षं या वयात मात्र मुरूम यायलाच नकोत. आले तर संप्रेरकांची तपासणी करावी लागते. पौगंडावस्थेबद्दल वेगळं काय सांगायचं, बहुतेकांना थोडेफार येतातच. ‘वय झालं की जातील’ हे वाक्य सौम्य मुरमांपुरतं खरं आहे. गाठींच्या मुरमाला ते लावणं अन्यायाचं आहे, कारण मुरूम जातात आणि खड्डे राहतात.

पंचविशीनंतरच्या स्त्रियांचे मुरूम हा वेगळा अध्याय आहे आणि पुस्तकात त्याला मी मुद्दाम जास्त पानं दिली आहेत. ‘आता या वयात कसले पिंपल्स?’ असं घरी आणि कचेरीत ऐकून घेत या बायका वर्षानुवर्षं गप्प राहतात. यांचे मुरूम बहुधा चेहऱ्याच्या खालच्या भागात, हनुवटी, जबडा आणि मानेच्या वरच्या कडेला असतात. खोल असतात, संख्येनं थोडे पण चिवट. सोबत पाळी अनियमित असेल, ओठावर-हनुवटीवर जाड केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, वजन वाढत असेल तर पीसीओएस या अंडाशयाशी संबंधित संप्रेरकविकाराची तपासणी व्हायला हवी. त्या तपासणीतून पुढं मधुमेहाचा धोकाही वेळेत लक्षात येतो. अशा वेळी चेहऱ्यावरची पुळी ही तपासणीचं निमित्त ठरते, आणि तिला फेशियलनं झाकलं तर ते निमित्तच हातून जातं.

काही मुरूम बाहेरून येतात. रोज डोक्याला चोपडलेलं तेल ओघळून कपाळावर आणि कानशिलांवर दाणे उठवतं. हे दाणे केसांच्या रेषेला धरून असतात, त्यावरून ओळखता येतात. जाड क्रीम, फाउंडेशन यांमुळं गालांवर येतात. हेल्मेटच्या पट्ट्यानं हनुवटीवर, सॅकच्या पट्ट्यांनी खांद्यावर येतात, आणि कोविडच्या काळात मास्कखाली आलेले तर सगळ्यांनी पाहिले. इथं कारण काढलं की निम्मं काम होतं. औषधांमुळं येणारे मुरूम मात्र फसवे असतात : स्टेरॉइडच्या गोळ्या, क्षयावरचं आयसोनियाझिड, फिटवरची काही औषधं, मानसिक विकारावरचं लिथियम. हे फोड सगळे एकाच वयाचे, एकसारखे दिसतात, आणि त्यांत काळे-पांढरे दाणे फारसे नसतात. म्हणून क्षयाच्या गोळ्या बंद करायच्या असं मुळीच नाही. ते डॉक्टरांना सांगायचं आणि मुरमावर वेगळा इलाज घ्यायचा. जिममध्ये ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल मुलं घरी सांगत नाहीत. पाठीवर अचानक उठलेले मोठे मुरूम ते सांगून टाकतात.

कारखान्यातून येणारा प्रकार बहुतेकांनी ऐकलेला नसतो. डायॉक्सिनसारखी क्लोरीनयुक्त रसायनं अंगात गेली की वर्षानुवर्षं न हटणारे दाणे आणि सिस्ट येतात. १० जुलै १९७६ रोजी इटलीतल्या सेव्हेसो गावाजवळच्या रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग सुटला आणि त्यानंतर असे दाणे उठलेल्यांत मुलं जास्त होती. २००४ साली युक्रेनचे नेते व्हिक्टर युश्चेन्को यांच्यावर झालेला विषप्रयोगही त्यांच्या बदललेल्या चेहऱ्यानं जगाला दिसला.

आता ज्या प्रकरणासाठी हे पुस्तक लिहावंसं वाटलं, त्याकडे येतो. ओढणी गुंडाळून आलेल्या ज्या मुलीचा उल्लेख वर केला, तशा मुली आज छोट्या गावातही आहेत. तिच्या पिशवीतून निघालेली ट्यूब पाहिली की गोष्ट उलगडते. पुढच्या बाजूला उजळ चेहऱ्याचं चित्र किंवा नुसतं नाव, मागं बारीक अक्षरांत घटक : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, किंवा बेटामेथासोन, क्लोबेटासोल. शेवटची तिन्ही स्टेरॉइडं आहेत. लावल्यावर आधी काय होतं? लाली आठवडाभरात उतरते, पुळ्या बसतात, रंग फिकट होतो, आणि शेजारच्या काकूसुद्धा विचारतात, ‘काय लावतेस गं?’ ट्यूबेचं नाव मग मैत्रिणीमैत्रिणींत फिरतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागतात, गालावर लव वाढते, उन्हात गेलं की चेहरा पेटतो. आणि ज्यासाठी मलम सुरू केलं ते मुरूम शेकड्यानं परत येतात. मलम थांबवलं की दोन दिवसांत आग, सूज, खाज. घाबरून पुन्हा लावलं की शांत. या चक्रातून सुटायला महिने लागतात, आणि पातळ झालेली कातडी पूर्ववत होईलच याची हमी नसते.

ही औषधं वाईट नाहीत. इसबासारख्या आजारात, योग्य ताकदीची, मोजक्या दिवसांसाठी दिली तर ती मोठं काम करतात. चेहऱ्यावरच्या मुरमावर आणि गोरेपणासाठी त्यांचा वापर हा मात्र सरळ अपराध आहे. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि २०१८ साली केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कायदा झाला तरी काउंटरवर मागितलं की ट्यूब मिळते हे वाचकांनाही ठाऊक आहे. मुलीचा रंग उजळावा म्हणून स्वतः दुकानात जाणारे आईवडील जोवर आहेत, तोवर दुकानदाराला एकट्याला दोष देऊन भागणार नाही.

मुरमासारखे दिसणारे पण मुरूम नसणारे विकारही थोडे नाहीत. छाती, पाठ आणि कपाळावर एकाच मापाचे, खाजणारे फोड, त्यांत काळा-पांढरा दाणा एकही नाही, घामानं वाढणारे : हा बहुधा मॅलासेझिया या बुरशीचा प्रताप. त्याला मुरूम समजून प्रतिजैविकं दिली की तो आणखी वाढतो. दाढीच्या जागी वाकडे होऊन परत कातडीत घुसणारे केस, चाळिशीच्या आसपास गालाला येणारी लाली आणि पुळ्या म्हणजे रोझेशिया, दंडावरचा काट्यासारखा खरखरीतपणा, हे सगळे वेगळे. काखेत आणि जांघेत वारंवार होणारी, फुटणारी, व्रण ठेवणारी गळवं तर नक्की दाखवावीत. तो हायड्रॅडनायटिस हा दीर्घकालीन आजार असतो आणि लाजेपायी लोक तो वर्षानुवर्षं लपवतात.

खाण्यापिण्याचा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो आणि प्रत्येक आई त्याचं उत्तर आधीच देऊन मोकळी झालेली असते : आंबे गरम, शेंगदाणे गरम, तळलेलं नको. अभ्यास काय सांगतात? १९६९ साली अमेरिकेत पासष्ट जणांना चार आठवडे चॉकलेट किंवा तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वड्या देऊन पाहिलं आणि चॉकलेटमुळं मुरूम वाढत नाहीत असा निष्कर्ष निघाला. नंतर टीका झाली ती योग्यच होती, कारण दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश भरपूर होता. २००२ साली पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या बाराशे रहिवाशांत एकालाही मुरूम आढळला नाही असं प्रसिद्ध झालं. त्यांच्या जेवणात कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ होते, मैदा-साखर जवळजवळ नव्हती. आनुवंशिकतेचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही, पण पुढच्या प्रयोगांनीही रक्तातली साखर झटकन वाढवणाऱ्या पदार्थांकडे बोट दाखवलं. दुधाबद्दल, विशेषतः साय काढलेल्या दुधाबद्दल, आणि व्हे प्रोटीनच्या भुकटीबद्दल शंका घ्यायला जागा आहे. माझा सल्ला मोजका असतो : बिस्किटं, थंड पेयं आणि गोड चहाच्या फेऱ्या कमी करा. आंब्याच्या दिवसांत मुलाला आंबा नाकारू नका. ज्या पदार्थानं आपल्याला खरंच वाढतं असं दोन-तीनदा लक्षात आलं असेल तो टाळा. ‘पोट साफ नाही म्हणून मुरूम’ या समजुतीला मात्र कुठलाही आधार मिळत नाही, आणि तिच्यापायी मुलांना जुलाबाची चूर्णं देणं थांबायला हवं.

डाग आणि खड्डा यांतला फरक रुग्णाला कळला की त्याची निम्मी काळजी उतरते. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत दाह शमला की त्या जागी तपकिरी-काळसर डाग राहतो. तो सपाट असतो आणि काही महिन्यांत, उन्हापासून जपलं तर लवकर, फिका होतो. लिंबू चोळून तो जात नाही, लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून आणखी काळी पडते. खड्डा म्हणजे आतला आधार देणारा थर कमी झालेला. सुईनं टोचल्यासारखे अरुंद खोल, उभ्या कडांचे, आणि उथळ लाटांसारखे असे त्याचे तीन प्रकार. तिन्हींचे उपचार वेगळे, आणि मुरूम पूर्ण आटोक्यात आल्यावरच ते करायचे. खांदे, छाती आणि जबड्यावर उलट व्रण उंच वाढतो, कधी केलॉइड होतो. क्रीमनं खड्डे भरून देण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

उपचारांबद्दल इथं थोडंच लिहितो, कारण पुस्तकात ते सविस्तर आहे. दाण्यांवर रेटिनॉइड मलमं, लाल आणि पिकलेल्या पुळ्यांवर त्यांच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड, गरजेपुरतं आणि ठरावीक मुदतीचं प्रतिजैविक, संप्रेरकांचा भाग असेल तर त्यावरचं औषध, आणि गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन. नुसतं प्रतिजैविक महिनोन्‌महिने चालू ठेवलं की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळाली आणि गंभीर मुरमांचं चित्र पालटलं. पण ते घेत असताना गर्भधारणा झाली तर बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळी बंद केल्यावरही किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घेण्याचा विचारही करू नये. कुठलाही उपचार आठ ते बारा आठवडे नेमानं केल्याशिवाय तो फसला असं म्हणू नये. रेटिनॉइड सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत कातडी सोलवटते, थोडे जास्त मुरूम दिसतात, आणि बरेच जण नेमके तिथंच औषध सोडतात.

या औषधांचा इतिहास सांगताना एक गोष्ट मला गाळता येत नाही. ट्रेटिनॉइन मुरमावर वापरात आणणारे अल्बर्ट क्लिगमन हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले नामांकित त्वचातज्ज्ञ. मुरमांबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग त्यांचा. चॉकलेटचा तो प्रयोगही त्यांच्या गटाचा, आणि त्या पासष्टांपैकी पस्तीस कैदी होते. फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात त्यांनी कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले. बहुसंख्य कैदी कृष्णवर्णी होते, आणि काहींना एका रासायनिक कंपनीच्या पैशानं डायॉक्सिनही लावलं गेलं. विद्यापीठानं २०२१ साली आणि शहरानं २०२२ साली माफी मागितली. आपल्या मुलीच्या टेबलावरच्या लहानशा ट्यूबेमागं त्या माणसांची पाठ आहे, हे तिनं आणि तिच्या डॉक्टरानं जाणलं पाहिजे. आपल्याकडं गोरेपणाच्या नावाखाली खपणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रणही मुळात क्लिगमन यांनीच १९७५ साली चेहऱ्यावरच्या काळसर डागांसाठी सुचवलेलं.

राहिला मनाचा भाग. मुरमानं जीव जात नाही म्हणून त्याला क्षुल्लक म्हणायची रीत आहे. पण पंधराव्या वर्षी वर्गात मागच्या बाकावर सरकणं, फोटोत मान वळवणं, स्नेहसंमेलनातून नाव काढून घेणं, लग्न ठरवायच्या दिवसांत ‘चेहरा जरा असा आहे’ ही कुजबुज ऐकणं, हे सहन करणाऱ्याला क्षुल्लक नसतं. मुरमांबरोबर नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. काही मुली तर अगदी बारीक दाणेही नखांनी खरवडत राहतात आणि मुरमापेक्षा खरवडल्याच्या खुणाच जास्त असतात. तिथं मलमाबरोबर समजावणं लागतं, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञही. आईवडिलांना एवढंच सांगतो की पाहुण्यांसमोर मुलाच्या चेहऱ्याचा विषय काढू नका.

हे पुस्तक आरशासमोर बसून स्वतःचं औषध ठरवण्यासाठी नाही. कुठला प्रकार थांबू शकतो आणि कुठला थांबू शकत नाही, एवढं वाचकाला कळावं, आणि डॉक्टरांशी बोलताना त्याच्याकडं नेमके शब्द असावेत, यासाठी आहे. दाखवायला जाल तेव्हा मेकअप न करता जा. पाळी, गोळ्या, इंजेक्शनं, जिममधल्या भुकट्या यांतलं काही लपवू नका. आजवर लावलेली सगळी मलमं, रिकाम्या ट्यूबा, पार्लरमधून आणलेली विनालेबलची डबीसुद्धा पिशवीत घालून न्या. बरेच दिवस स्टेरॉइडचं मलम लावत असाल तर ते कसं थांबवायचं हेही डॉक्टरांनाच विचारा. खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग असतो. तिथं केसपेपर काढून कोणालाही दाखवता येतं.